सेठच्या मोटारीला देवी आल्या

रखमाजी मूळचा आष्टीचा. जालन्याला आला तो शांतिलाल सेठच्या जिनिंगात कापूस ओढायला, आणि अकरा वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. जिनिंगात सरकी एका अंगाला पडते, रुई दुसऱ्या अंगाला, आणि हवेत जे बारीक तंतू उडतात ते कुठंच पडत नाहीत, ते माणसाच्या छातीत जातात. रखमाजीच्या छातीत इतके गेले की सुट्टीच्या दिवशीही त्याचा खोकला ऐकून शेजाऱ्यांना जिनिंग चालू आहे असं वाटायचं. डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली, काढली, पुन्हा लावली आणि म्हणाले, "बाबा, कापूस सोड. आणखी एक हंगाम काढलास तर पुढचा दिसायचा नाही."

त्याची बायको गोजरबाई हे ऐकून तडक सेठच्या दारात जाऊन बसली. बसली म्हणजे बसलीच. सेठ बाहेर आला, तिला बघून आत गेला, जेवला, वामकुक्षी झाली, बाहेर आला, तरी बाई तिथंच. सेठ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पैसेवाल्याची गोष्ट निघाली की ऐकणारे उगाच नाकं मुरडतात. तो म्हणाला, "ऊठ बाई. त्याला मोटारवर टाकतो."

मोटार घरात नवी आली होती. पोलीस ॲक्शन होऊन पाचेक वर्षं झाली होती, जहागिरी बुडाल्या होत्या, आणि औरंगाबादच्या एका जहागीरदारानं विकायला काढलेली काळी मोटार सेठनं उचलली होती. काळी म्हणजे अशी काळी की तिच्या दारात बघून भांग पाडावा. ती चालवायला पुंजाराम ड्रायव्हर होता. तो मोटार चालवी, मिशीला तेल लावी, आणि तिसऱ्या कशालाही हात लावत नसे. धुण्यापुसण्याचं काम रखमाजीकडं आलं.

आता रखमाजीचा स्वभाव असा की कुणी वाटीभर सांगितलं तर हा पातेलंभर करायचा. पहिल्याच दिवशी त्यानं भर दुपारी, अंगणाच्या मध्यात, मोटारीवर आडाच्या पाण्याच्या बारा बादल्या ओतल्या आणि "उन्हात आपसूक वाळंल" म्हणून लिंबाखाली सुपारी कातरत बसला. त्या आडाचं पाणी इतकं जड होतं की त्यात डाळ शिजायची नाही. ते उन्हात वाळलं आणि प्रत्येक थेंबाच्या जागी एकेक पांढरा ठिपका उरला. छपरावर ठिपके, बॉनेटवर ठिपके, काचांवर तर मोजता येऊ नयेत इतके.

सेठ बाहेर आला आणि ओरडला, "रखमाजी! हे काय करून ठेवलंस रे?"

रखमाजीनं ओल्या फडक्यानं पुसलं. ओलं होतं तोवर सगळं काळंभोर. वाळलं की ठिपके परत हजर, चार नवे सोबतीला घेऊन. त्यानं राखेचं टोपलं आणलं, तेव्हा मात्र पुंजाराम बाजेवरून उठला. "राखेनं पातेलं घासत्यात, गाढवा! रंग निघून जाईल सगळा."

सेठनं डोक्याला हात लावला. "आखातीजेला ब्यावरहून ब्याईजी येणार आहेत." मारवाडी माणूस व्याह्याला ब्याईजी म्हणतो, आणि अक्षय्य तृतीयेला आखातीज. सेठच्या मुलीचं, राजकुमारीचं लग्न ब्यावरच्या हुकमचंदजींच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. हुकमचंदजींनी एकदा येऊन घर बघायचं तेवढं राहिलं होतं. "स्टेशनवरून त्यांना ह्याच मोटारमधून आणायचंय. त्या दिवशी हिच्यावर एक डाग दिसला, फक्त एक, तर दिवाळीपासून तू परत जिनिंगात. बराबर समजलं?"

रखमाजीला बराबर समजलं. दीड महिना हातात होता आणि मोटार अंगभर पुरळ उठल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई स्वतः बघायला आली. तिनं मोटारीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि पदर तोंडाला लावला. "आगं बया! ह्या तर देवी हायेत."

"काय?"

"देवी! बारीक, गोल, अंगभर. आपल्या गल्लीत तिघांना आल्यात त्या काय येगळ्या हायेत? त्याच."

"आगं, लोखंडाला देवी?"

"का? आईला लोखंडाचं वावडं हाय व्हय?"

रखमाजीनं मोटारीवरचा हात हळूच काढून घेतला. आणि खरं सांगायचं तर तुम्हीही काढून घेतला असता.

ही गोष्ट सेठच्या आईच्या, भंवरीबाईच्या कानावर गेली. म्हातारी सत्तरीची, घरात शब्द तिचा. तिनं बोटं मोजली आणि कपाळ बडवून घेतलं. देवी येतात त्या शीतळामातेच्या कोपानं, आणि दोनच दिवसांपूर्वी तिचा दिवस झाला होता. त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार अन्न खातात. आणि नेमक्या त्याच दिवशी सेठ मोटार घेऊन जिनिंगात गेला होता. मोटारीच्या पोटात काय असतं? आग! "ठंड्या दिवशी तू भट्टी पेटवलीस, शांति," म्हातारी म्हणाली. "आता भोग."

मंग काय विचारता! मोटार पाच दिवस सुरू करायची नाही, असा हुकूम सुटला. तिच्यावर लिंबाचे डहाळे टाकले. जवळ चप्पल घालून जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आणि घरात देवीचं माणूस असलं की फोडणी बंद असते, म्हणून फोडणीही बंद झाली. शांतिलाल सेठ, ज्याच्या शब्दावर बाजारात कापसाचा भाव हलायचा, तो पाच दिवस मोटारीच्या आजारपणापायी बिनफोडणीची डाळ खात होता. जिनिंगात टांग्यानं जाई. कुणी विचारलं, "सेठ, मोटार?" तर खाली बघून म्हणे, "तबियत बरी नाही."

गोजरबाई रोज सकाळी पळसाच्या पानावर दहीभात आणून बॉनेटवर ठेवी, हात जोडून पुटपुटे आणि जाई. चैत्राचं ऊन, त्यात दही; तिसऱ्या दिवशी त्याच्या वासानं पुंजारामनं बाज लांब नेली. पाचव्या दिवशी रखमाजीनं पानं उचलली आणि बघतच राहिला. पानाखालून दह्याचं पाणी जिथं जिथं ओघळलं होतं, तिथं तिथं मोटार लखलखीत काळी होती. ठिपक्याचं नाव नाही.

"गेल्या!" गोजरबाई म्हणाली आणि तिनं कानाला हात लावले.

रखमाजीनं बोट बुडवून जिभेवर ठेवलं. तोंड असं वाकडं झालं की डोळ्यांतून पाणी आलं. आंबट! तांब्याची घागर चिंचेनं उजळते हे त्यानं आईच्या हाताखाली शंभरदा बघितलं होतं. देवीआईनं केलं असेल, त्याची ना नव्हती. पण तिनं ते आंबटानं केलं होतं.

मग दोन दिवस त्यानं लिंबाच्या सावलीत मोटारीला ताक लावलं. धोतराचा जुना मऊ तुकडा घ्यायचा, वीतभर जागा धरायची, हलक्या हातानं ताक फिरवायचं, लगेच धुवायचं, लगेच कोरडं करायचं; मंग पुढची वीत. घासायचं म्हणून नाही. काचांना कागदी लिंबाच्या फोडी. पुंजाराम म्हणाला, "उद्या मीठ-मिरची लावून कोशिंबीर करशील हिची." करू दे चेष्टा. मोटार आरशासारखी झाली आणि सेठला फोडणीची डाळ मिळाली.

पण डाग गेले तरी आड तोच होता ना! आठ दिवसांनी धूळ बसली, मोटार धुवावी लागली, आणि ठिपके परत. रोज ताक लावायचं तर रंगाचीही चव बिघडायची. रखमाजी रडकुंडीला आला. घरी गोजरबाईसमोर तो खोकला दाबायचा, आणि तो दाबतोय हे तिला कळायचं.

तोड सापडली ती भंवरीबाईच्या स्वयंपाकघराच्या दारात. जैनांतली नेमाची बाई. पाणी गाळून, उकळून, गार करून प्यायची, तीस वर्षांचा नेम. एके सकाळी ती पाणी उकळायचं पातेलं खरवडत होती आणि पातेल्याच्या बुडातून पांढऱ्या खपल्या निघत होत्या. रखमाजी जागच्या जागी थांबला. मोटारीवर बसतं ते हेच! उकळताना ते पातेल्याला चिकटून जातं, मग वरच्या पाण्यात राहतं किती?

त्यानं ओंजळभर पाणी मागून घेतलं. मोटारीच्या एका दारावर आडाचे तीन थेंब टाकले, दुसऱ्यावर म्हातारीच्या पाण्याचे तीन, आणि कोंबडीच्या अंड्यापुढं बसावं तसा उन्हात बसून राहिला. आडाचे थेंब वाळले, तीन पांढरी कडी उमटली. म्हातारीचे वाळले, नुसती धूसर खूण. बोट फिरवलं, गेली.

तो पळतच आत गेला. "माँसा, मोटारीला तुमचं पाणी पायजेल."

"माझं? उकळलेलं?"

"जी. दुसरं पाणी तिला सोसना झालंय."

भंवरीबाईचे डोळे भरून आले. तिचा मुलगा नेम पाळत नव्हता, सून पाळत नव्हती. आणि ही मुकी मोटार, मातेच्या दुखण्यातून उठते काय आणि आपणहून उकळलेल्या पाण्याचं व्रत घेते काय! तिनं मोटारीसाठी वेगळा हंडा मांडला. पण व्रत म्हटलं की ते पुरतं पाळायचं. पाणी आधी गाळायचं, गाळण्यात जे जीव राहतील ते आडात परत सोडायचे, आणि सूर्य मावळल्यावर मोटारीच्या पोटात काही घालायचं नाही. पाणी नाही, पेट्रोल नाही.

पुंजाराम सेठकडं गेला. "सेठ, मी ड्रायव्हर हाय का पुजारी, एवढं सांगा."

सेठ काय सांगणार! एकदा बदनापूरजवळ दिवस बुडता बुडता रेडिएटरचं पाणी आटलं. समोर विहीर होती, बादली होती, पोहरा होता. सेठनं सूर्याकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, आणि एका ओळखीच्या आडत्याकडं मुक्काम केला. "आईनं विचारलं तर खोटं कसं बोलू?" तो म्हणाला. मोटारीनं सकाळी पाणी घेतलं.

रखमाजीचं मात्र बस्तान बसलं. पहाटे, ऊन यायच्या आत, सावलीत, उकळलेल्या पाण्यानं धुवायचं, आणि एक दार कोरडं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. तो पुंजारामला सांगायचा, "थेंब ओला हाय तवर पाणी हाय. वाळला की डाग. मधी जेवढा येळ हाय, तेवढी आपली नोकरी." तीन आठवडे मोटारीवर एक ठिपका उठला नाही.

इथं गोजरबाईनं घोळ केला. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना, तसली गत. नळावर, बाजारात, जिथं चार बाया भेटतील तिथं तिनं सांगितलं: सेठच्या मोटारीला देवी आल्या होत्या आणि एक खोड न ठेवता उतरल्या. देवीनं त्या वर्षी घरोघर लेकरं नेली होती. बायांचा जीव मुठीत. कुणीतरी म्हणालं, त्या मोटारीवर तांब्याभर गार पाणी घातलं तर घरातल्या लेकरांना देवी येत नाहीत. झालं! बाया तांबे घेऊन सेठच्या फाटकावर येऊ लागल्या. फाटक बंद असायचं. पण आखातीजेला मोटार स्टेशनवर जाणार, हे गावभर झालंच होतं.

त्या दिवशी सकाळी मोटार अशी दिसत होती की पुंजारामनंही तिच्या दारात बघून मिशी सारखी केली. रखमाजीनं आपला लग्नातला पांढरा फेटा बांधला. स्टेशनच्या आवारात मोटार वडाखाली लावली, सेठ फलाटावर गेला. गाडी लेट, रोजच्यासारखी. बघता बघता सावली सरकली, मोटार उन्हात आली, आणि पुंजाराम ती हलवायला उठतो तोच समोरून बाया आल्या. पाच-पन्नास तरी असतील. प्रत्येकीच्या हातात तांब्या.

रखमाजी हात पसरून आडवा झाला. "बायांनो, न्हाई! थांबा! पाणी उकळलेलं हाय का?"

"काय?"

"उकळून, गाळून आणलंय का?"

पुढची बाई संतापली. "देवीला उकळतं पाणी? जीभ झडंल तुझी, मुडद्या!"

आणि पन्नास तांबे रिकामे झाले. जुन्या जालन्याचं पाणी, कादराबादचं पाणी, नदीकाठच्या झऱ्याचं पाणी. ज्या ज्या आडात डाळ शिजत नाही, त्या सगळ्या आडांचं पाणी मोटारीवर पडलं. बाया हात जोडून गेल्या. वर वैशाखाचं ऊन. लांबून गाडीची शिट्टी झाली.

रखमाजीनं फडकं घेतलं. दोन हात फिरवले की ते चिंब. पिळलं, परत चिंब. छपरावरच्या थेंबांच्या कडा पांढऱ्या व्हायला लागल्या. गाडी फलाटाला लागली, हमालांची पळापळ सुरू झाली. रखमाजीनं एकदा मोटारीकडं बघितलं, आणि डोक्याला हात घालून फेटा सोडायला लागला.

"येडा झालास का?" पुंजाराम ओरडला. "व्याही येऊन राह्यले, अन् तू बोडका उभा राहतोस? कुणी मेलं का घरात?"

"एक टोक धर."

"मी?"

"धर म्हणतो ना!"

रखमाजी कुणावर ओरडल्याचं जालन्यात कुणी ऐकलं नव्हतं. पुंजारामनं मुकाट टोक धरलं. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला, छपरावरून फेटा मागं-पुढं ओढला, करवत ओढतात तसा. मग बॉनेट, मग दारं, मग काचा. फेटा लांबलचक, हातभर भिजला की पुढचा कोरडा भाग घ्यायचा. रखमाजीला खोकायलाही सवड नव्हती. शेवटचं दार पुसून तो सरळ झाला, तेव्हा हुकमचंदजी पायऱ्यांवर उभे होते.

चांगला धिप्पाड माणूस, डोक्यावर मोठी पगडी. शुभ कामाला आलेला, आणि समोर पहिलं काय दिसलं तर उघड्या डोक्याचा माणूस. उघडं डोकं म्हणजे सुतक. हुकमचंदजींनी पुढं टाकलेला पाय मागं घेतला.

"कौन गुजर गया, ब्याईजी?"

शांतिलाल सेठचा चेहरा बिनफोडणीच्या डाळीसारखा झाला. त्यानं रखमाजीकडं बघितलं, आणि दिवाळी, जिनिंग, सगळं त्या एका नजरेत होतं.

रखमाजीनं हात जोडले. खांद्यावरून ओला फेटा ठिबकत होता. "कुणी न्हाई मेलं, मालक. पाणी वाळायच्या आत पुसायचं व्हतं, अन् दुसरं फडकं नव्हतं."

हुकमचंदजी चालत मोटारीजवळ आले. दारात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. दोन दिवसांच्या प्रवासाची धूळ, कलती झालेली पगडी. त्यांनी तिथंच बघून ती सरळ केली. "गाडी के लिए तूने पगडी उतारी?"

"जी."

हुकमचंदजींनी ट्रंक उघडायला लावली. सगळ्यात वर एक लहरियाचा साफा होता, पाच रंगांचा, व्याह्याचा मान म्हणून आणलेला. त्यांनी तो हातात घेतला. शांतिलाल सेठनं मान जराशी पुढं केली. हुकमचंदजी त्याच्यावरून पुढं गेले आणि स्वतःच्या हातानं, पेच मोजून, तो साफा रखमाजीच्या डोक्याला बांधला. "शुभ दिवशी उघडं डोकं नको," ते म्हणाले. "ज्या घरचा माणूस कामापायी पगडी उतरवतो, त्या घरात मी मुलगा देतो. पक्कं." सेठनं मान हळूच मागं घेतली.

घरी जाताना रखमाजी मोटारीच्या पायफळीवर उभा होता, साफा वाऱ्यावर उडत होता. स्टेशनचा रस्ता संपता संपता त्याला तो दिसला. मागच्या दाराच्या काचेच्या कोपऱ्यात एक डाग. एकच, पांढरा, ठळक. आत सेठ त्याच खिडकीला बसला होता आणि तोही तिकडंच बघत होता. काचेच्या दोन बाजूंनी दोघांची नजर भेटली, मधे डाग. सेठनं तोंड उघडलं. मग त्याची नजर वर साफ्याकडं गेली. ब्याईजींनी स्वतःच्या हातानं साफा बांधलेला माणूस रुईच्या खोलीत पाठवला, तर ब्यावरला काय सांगायचं? शांतिलाल सेठनं तोंड मिटलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पुढं सहा वर्षं ती मोटार त्या घरात होती आणि रखमाजी तिच्याजवळ. लग्नातला फेटा मोटारीचं फडकं झाला. भंवरीबाई असेतो व्रत चाललं, आणि तिच्या तेराव्यानंतर पुंजारामनं पहिल्यांदा दिवस बुडाल्यावर पेट्रोल भरलं. भरताना त्यालाच कसंतरी झालं म्हणे.

पण त्या आखातीजेच्या संध्याकाळी रखमाजी साफा बांधूनच घरी गेला. गोजरबाई चुलीपुढं होती. तिनं आधी ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"मंग? परत कापसात?"

"न्हाई."

ती खाली बसली आणि रडायला लागली, हमसून हमसून. रखमाजी घाबरला. "आगं, रडतीस काय? मोटार चांगली हाय. तुझी देवी पावली मोटारीला."

"मोटार गेली खड्ड्यात!" ती म्हणाली. "मोटार का माझी लेक हाय? पाच दिवस दही वाढलं ते मी आईला काय मोटारीचे ठिपके काढ म्हणत व्हते? म्हणलं, ह्याच्या छातीतला कापूस काढ. दुसरं काय मागितलं न्हाई."

रखमाजीला खोकला आला होता. तो त्यानं गिळला, आणि तव्यावरची भाकरी उलटली.